इमानी काडी

लखनौहून हरदोईच्या रस्त्याला लागलं की काकोरी येतं, आणि काकोरी संपता संपता दोन्ही बाजूंनी आंबा सुरू होतो. शेतं, बांध, वीटभट्ट्या मागे पडतात आणि रस्ता झाडांच्या सावलीत शिरतो. कोकणातल्या हापूसच्या बागा पाहिलेल्या माणसाला ही झाडं वेगळी वाटतात. इथे कातळ नाही, सुरुंग लावून खड्डे काढावे लागत नाहीत. गंगेच्या मैदानातली खोल गाळाची माती आहे आणि तिच्यात झाडं वाटेल तशी वाढली आहेत. जुन्या बागांत फांद्या एकमेकींत अडकल्या आहेत आणि दुपारीही खाली अंधार असतो. मलिहाबादेत पोचलो तेव्हा श्रावण होता. दशहरीचा हंगाम उरकला होता, चौशाची शेवटची फळं हातगाड्यांवर होती, आणि गाव फळांकडून रोपांकडे वळलं होतं. रस्त्याकडेला नर्सरीमागून नर्सरी, प्रत्येकीच्या दारात गुलाब, क्रोटन, बोगनवेल आणि मागे काळ्या पिशव्यांतली आंब्याची कलमं.

मी मात्र आंब्यासाठी गेलो नव्हतो. यंदाच्या अंकाचा विषय ‘पान’. संपादकांनी मला ठिपक्यांची, पट्ट्यांची, दोन रंगांची पानं दिली आणि सोबत एका झाडाचं नाव सुचवलं: सॅक्सिफ्रागा, तिची बारमाही हिरवी, पण पानावर पिवळी-पांढरी नक्षी असलेली जात. तेवढ्यासाठी मलिहाबादला कशाला, असं त्यांनी विचारलंच. माझं उत्तर सोपं होतं. असं नक्षीचं पान बियांनी टिकत नाही, माणसाच्या हातानेच टिकतं. आणि हातानं झाड टिकवणं हा अख्ख्या गावाचा धंदा असलेलं ठिकाण मला एवढं एकच नीट ठाऊक होतं.

पहिल्याच नर्सरीत मी सॅक्सिफ्रागा मागितली. फोनवरचं चित्र पाहून मालक हसले. “पहाडी चीज है,” म्हणाले, आणि मला चितकबऱ्या बोगनवेलीपाशी नेऊन उभं केलं.

बारमाही, पण अर्धंमुर्धं हिरवं

मालकांचं बरोबर होतं. सॅक्सिफ्रागा थंडीतली. इंग्लंडमधल्या बागांच्या कडेला ‘लंडन प्राइड’ नावाची जी बुटकी, चक्राकार पानांची रोपं असतात ती याच कुळातली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बनं पडलेल्या घरांच्या विटामातीतही ती उगवत होती, आणि नोएल कॉवर्डनं १९४१ मध्ये तिच्या नावानं गाणंच रचलं. तिची सोनेरी ठिपक्यांची जात बागवाले आवर्जून लावतात. घरात कुंडीत ठेवतात ती दुसरी, चीन-जपानकडची. तिची पानं गोल आणि लवदार, शिरांवर रुपेरी रेघा. तिच्या अंगातून लाल दोऱ्यासारखे धुमारे निघतात आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला एक पिल्लू लोंबतं. तिच्या नक्षीदार जातीत हिरव्या पानाला पांढरी कड असते आणि कडेवर गुलाबी झाक.

आपल्याकडे या घराण्यातलं ओळखीचं झाड म्हणजे हिमालयातला पाषाणभेद. काष्ठौषधीच्या दुकानात मूतखड्यासाठी त्याची वाळलेली मुळी मिळते, पण त्याचं जाड, चकचकीत पान फार थोड्या लोकांनी पाहिलेलं असतं. हे सगळं कुटुंब लखनौच्या जेठात टिकणारं नाही. पारा पंचेचाळिशीला टेकतो, लू सुटते, आणि तीन दिवसांत कुंडी कोरडी ठणठणीत. महाबळेश्वर-पाचगणीला ती सुखानं राहील. पुण्या-नाशिकात लावायची तर पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी हवी, उथळ कुंडी, पाणी झरकन निघून जाईल अशी माती, आणि मार्च ते मे सावली. ऊन जास्त झालं तर पांढरी कड करपते, फार कमी झालं तर नक्षी फिकी पडते. लोंबणारं पिल्लू शेजारच्या छोट्या कुंडीतल्या मातीवर टेकवून केसांच्या पिनेनं दाबून ठेवायचं, मुळं धरली की दोरा कापायचा. एवढीच तिची लागवड.

पण त्या पिल्लाऐवजी बी पेरलं तर? बहुतेकदा साधं हिरवं रोप येतं. कारण नक्षीचं पान म्हणजे एका झाडात दोन झाडं. कोंबाच्या टोकाशी पेशींचे थर एकावर एक असतात. त्यातल्या एखाद्या थरात कधीतरी बिघाड होतो, हरितद्रव्य बनेनासं होतं, आणि तो थर जिथे जिथे पानात जाईल तिथे पांढरा भाग उमटतो. बाकीचे थर शाबूत असतात, ते अन्न बनवतात, आणि पांढऱ्याला पोसतात. बीज मात्र यातल्या एकाच थरातून तयार होतं. तो थर हिरवा असेल तर रोप हिरवं. तो पांढरा असेल तर रोप पांढरं, आणि पांढरं रोप कोयीतला किंवा बियातला साठा संपला की मरतं. नक्षी म्हणजे दोघांचा शेजार; तो बियात उतरत नाही. म्हणून तुकडा तोडून लावायचा, धुमारा रुजवायचा किंवा कलम करायचं. तरीही पहारा ठेवावा लागतो. मध्येच एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटते, तिच्या पानांत जास्त अन्न बनतं, ती जोमानं वाढते आणि दोन वर्षांत नक्षीच्या फांद्यांना मागे टाकते. ती दिसताक्षणी बुडातून छाटायची.

बोगनवेलीबद्दल लखनौला तर अभिमान बाळगायचा हक्क आहे. शहरातल्या सिकंदर बागेत राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था आहे. १८५७ च्या लढाईत रक्तानं भिजलेली ही बाग १९५३ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आली. तिथल्या लोकांनी बोगनवेलीच्या काड्यांवर गॅमा किरण सोडून नवी, चितकबऱ्या पानांची झाडं मिळवली. निसर्गात कधीतरी घडणारा बिघाड त्यांनी मुद्दाम घडवून आणला आणि जो आवडला तो काडीनं राखला. तिथल्या दोन बोगनवेलींची नावं ‘बेगम सिकंदर’ आणि ‘वाजिद अली शाह’ अशी आहेत. लखनौला शोभणारी.

कोय परक्याची निघते

नर्सरीच्या मागच्या बाजूला बांबूच्या मांडवाखाली चौघंजण बसले होते. त्यांच्यातले एक वयस्क. त्यांना सगळे चाचा म्हणत. मीही तेच म्हणू लागलो. त्यांच्यापुढे पिशव्यांत वर्षभराची आंब्याची रोपं होती, पेन्सिलीएवढ्या जाडीची.

ही रोपं कोयीपासून केलेली. आपण रायवळ म्हणतो ते हे. इथे त्याला तुख्मी किंवा बीजू म्हणतात. कारखान्यात फोडलेल्या, लोणच्यातून उरलेल्या, कुठल्याही झाडाच्या कोया पावसाळ्याच्या तोंडाशी वाफ्यात टाकायच्या. उगवलेलं रोप खुंट म्हणून वापरायचं. ते कोणत्या झाडाचं आहे याला किंमत नाही. त्याच्याकडून मुळं हवी आहेत.

फळासाठी ते रोप चालणार नाही, कारण आंबा परपरागीकरणाचा. मोहोरावर माश्या येतात, परागकण कुठून आले हे झाडालाच ठाऊक. दशहरीच्या कोयीत एकच गर्भ असतो, आणि त्या गर्भात अर्धा वाटा अज्ञात बापाचा. दशहरीची कोय लावली तर दशहरी येत नाही. कोकणातल्या हापूसचंही तसंच. केरळात ओलूरसारख्या काही जाती आहेत त्यांच्या एका कोयीतून अनेक रोपं फुटतात आणि त्यातली बरीच हुबेहूब आईसारखी असतात. त्यांना कलमाची गरज कमी. उत्तरेकडच्या आंब्यांना ती सोय नाही.

इथे मलिहाबादची लाडकी गोष्ट आठवते. काकोरीजवळ दशहरी नावाच्या गावात दशहरीचं मूळ झाड आहे. वय दोनशे वर्षांहून जास्त सांगतात. रुंद पसरलेलं, अजून फळ धरणारं. हे झाड नवाबांच्या मालकीचं. फळ पाडाला आलं की झाडाभोवती जाळी आणि पहारा, आणि कुणाला भेट म्हणून आंबा पाठवायचा तर आधी कोयीला भोक पाडायचं, म्हणजे दुसऱ्यानं तो लावू नये. गोष्ट ऐकायला फार छान आहे. पण विचार करा: भोक न पाडता कोय दिली असती तरी त्यातून दशहरी निघाली नसती. पहारा द्यायचा तर फांद्यांवर द्यायला हवा होता. वीतभर काडी अस्तनीत मावते, आणि अशी काडी केव्हातरी बाहेर गेलीच असणार. आज मैदानी मुलखात जितकी दशहरीची झाडं आहेत ती सगळी त्या एका झाडाच्या फांद्या आहेत, दुसऱ्याच्या मुळांवर उभ्या केलेल्या.

चाकू, पट्टी आणि हवा

चाचांचं काम बघायला तासभर लागला, समजायला त्याहून जास्त. मातृवृक्षावरची चार-सहा महिन्यांची काडी निवडायची, खुंटाच्या जाडीची. कापण्याआधी आठवडा-दहा दिवस तिची पानं काढून टाकायची, देठ तेवढे ठेवायचे. मग टोकाचा डोळा फुगतो आणि देठ बोट लावलं की गळून पडतात. देठ गळाला नाही तर काडी तयार नाही. खुंटावर जमिनीपासून वीतभर वर सालीसकट थोडं लाकूड घेऊन इंच-दीड इंचाचा तिरका काप. काडीला तसाच उलटा काप. दोन्ही कापांच्या कडा एका बाजूला तरी अगदी जुळल्या पाहिजेत, कारण साल आणि लाकूड यांच्यामधला तो बारीक ओला थरच जिवंत सांधा तयार करतो. मग प्लास्टिकची पट्टी खालून वर ओढून बांधायची, पाणी आत जाता कामा नये. तीनएक आठवड्यांत काडी हिरवी राहून डोळा फुटला की कलम लागलं. मग खुंटाचा शेंडा दोन टप्प्यांत छाटायचा. यालाच आपल्याकडे व्हीनिअर कलम म्हणतात.

चाचांचा चाकू लहान, एका बाजूनं धार लावलेला. चाकूची धार पाहू का, विचारलं तर त्यांनी हात मागे घेतला आणि दुसरा चाकू पुढे केला. कामाचा चाकू दुसऱ्याच्या हातात देत नसावेत. त्यांनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्यांच्या लहानपणी सगळी भेट कलमं असत. म्हणजे काडी झाडावरच ठेवायची आणि खुंटाचं रोप तिच्यापाशी न्यायचं. फांद्यांच्या उंचीवर बांबूचे मचाण बांधत, त्यावर कुंड्या रांगेनं लावत, दोन्हीकडची साल खरवडून सांधा बांधत आणि रोज शिडी चढून पाणी घालत. दोन-तीन महिन्यांनी सांधा जुळला की काडी आईकडून आणि खुंटाचा शेंडा सांध्याच्या वरून तोडायचा. “तेव्हा एका झाडाभोवती अख्खी जत्रा असायची,” चाचा म्हणाले. मेहनत फार, पण मर फार कमी, कारण काडी शेवटपर्यंत आईचंच दूध पीत राहायची. व्हीनिअर आल्यावर एकाच झाडावरून हजार काड्या उतरवून चौघंजण सावलीत बसून बांधू शकतात.

कोकणात याच कामासाठी कोयीच्या कोवळ्या कोंबावरच पाचर कलम करतात, त्याला कोय कलम म्हणतात. हवा दमट असली की ते छान जमतं. इथे जूनमध्ये हवा भाजणारी असते. पाऊस स्थिरावल्यावर, खुंट जाड झाल्यावर बांधतात. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात गोव्यात आंब्याची कलमं बांधायला सुरुवात केली आणि त्यातून हापूस, मानकुराद, फर्नांदिना अशा नावांच्या जाती ठरल्या. नाव देता येण्यासाठी आधी झाड तसंच्या तसं परत उभं करता यायला हवं. कलमाआधी आंब्याला फार तर झाडाचं नाव असायचं, विहिरीकडचा, गोट्या, शेपू. त्या झाडासोबत नावही जायचं.

एका खोडावर तीनशे

मलिहाबादचं जगभर छापून आलेलं झाड म्हणजे हाजी कलीमुल्लाह खान यांचं. शाळा अर्धवट सोडलेला मुलगा. १९५७ च्या सुमारास त्यांनी एकाच झाडावर सात जाती बांधल्या. ते झाड पावसात गेलं. १९८७ पासून एका शंभरीच्या झाडावर ते पुन्हा बांधत राहिले आणि त्यावर तीनशेहून जास्त जाती झाल्या. २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. नव्या आंब्यांना त्यांनी सचिन, ऐश्वर्या अशी नावं दिली, नेत्यांची दिली, करोनाच्या साथीत डॉक्टर आणि पोलीस अशीही दिली.

हे झाड फळांनी नव्हे, पानांनी ओळखू येतं. फळं उतरली तरी एका फांदीची पानं रुंद आणि गडद, शेजारच्या फांदीची अरुंद आणि कडेनं नागमोडी. एकीची पालवी तांबूस, दुसरीची फिकी पोपटी. संपादकांचा ‘पान’ विषय मला इथे सापडला. आंब्याचं झाड बारमाही हिरवं, आणि इथे ते एकाच वेळी किती तरी हिरव्या रंगांचं आहे.

पण झाडाच्या पोटात रस मिसळतो आणि त्यातून नवी जात बनते, असा जो समज काही जण बाळगून असतात तो खरा नाही. दशहरीच्या फांदीला दशहरीच लागते, चौशाच्या फांदीला चौसाच. खालून पाणी आणि क्षार एक, वर प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. नवी जात करायची तर फुलातच संकर करून कोय लावावी लागते. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आम्रपाली आणि मल्लिका झाल्या त्या अशाच. आपल्या वेंगुर्ल्यात नीलम आणि हापूस यांच्यापासून १९८१ मध्ये रत्ना आली. कोयीनं शोधायचं आणि काडीनं राखायचं.

सांध्यातच दोघांच्या पेशी एकमेकींत गुंतून त्यातून कोंब फुटला तर मात्र खरोखरच मिश्र झाड होतं. फ्लॉरेन्सजवळ १६४० च्या दशकात एका बागेत असं झालं. त्या झाडाला ‘बिझारिया’ म्हणतात, त्याचं फळ काही भाग महाळुंग, काही भाग कडू नारिंग. नक्षीदार सॅक्सिफ्रागाची ही थोरली बहीण. कलीमुल्लाह यांच्या ‘अनारकली’ आंब्याच्या वर्णनात दोन तऱ्हेची साल आणि दोन तऱ्हेचा गर असतो. त्याचं कारण कुणी पेशी तपासून सांगितलं तर मला वाचायला आवडेल. नाव बाकी झकास आहे.

तोच चाकू

आता जे मला सांगायचंय ते. या गावात चाकूनं दोन कामं केली. एका अंगणात त्यानं तीनशे जाती एका खोडावर जपल्या. आणि बाहेर, मैलोगणती, त्यानं एकच जात पसरवली. दशहरी गोड, कोय पातळ, रेषा नाही, टिकते बरी, मुंबई-दिल्लीच्या बाजारात नावानं विकली जाते. २००९-१० मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. मग कुठला बागवाला दुसरी काडी बांधेल? हुस्नआरा, याकुती, रामकेला अशी नावं जुन्या लोकांच्या बोलण्यात येतात. आढतीवर ती फारशी ऐकू येत नाहीत.

सगळ्यांनी एकच झाड लावलं की सगळ्यांचं फळ एकाच पंधरवड्यात येतं. जूनमध्ये रस्त्यावर पेट्यांचे ढीग, भाव कोसळलेला. मोहोरावर भुनगा, म्हणजे आपले तुडतुडे, आले की सगळीकडे येतात, कारण मोहोर सगळीकडे एकाच वेळी. एक वर्ष भरपूर फळ, पुढच्या वर्षी नुसती पालवी, आणि तीही सगळ्या टापूत एकदम. याला दशहरीचा दोष म्हणता येणार नाही. हुबेहूब नक्कल करण्याची इतकी चांगली पद्धत हातात असली की नक्कलच होत राहते.

रहमानखेड्याला केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थान आहे. १९७२ मध्ये आंबा संशोधन केंद्र म्हणून सुरू झालं, १९८४ मध्ये स्वतंत्र संस्था झालं. त्यांच्या बागेत सातशेहून जास्त आंब्यांचा संग्रह आहे आणि अंबिका, अरुणिका या त्यांच्या रंगीत सालीच्या जाती आहेत. बियांची पेढी असते तशी आंब्याची करता येत नाही. कोय वाळली की मेली, आणि जगली तरी परक्याची निघाली. म्हणून आंब्याची पेढी म्हणजे उभी बाग. प्रत्येक जातीची झाडं जमिनीत, मजूर पाणी घालतायत, म्हातारी झाली की त्यांचीच काडी नव्या खुंटावर.

छाटलेली झाडं

जुन्या बागांसाठी याच संस्थानाची सांगितलेली रीत बरेच जण करतात. डिसेंबर-जानेवारीत म्हाताऱ्या झाडाच्या मोठ्या फांद्या दहा-बारा फुटांवर कापायच्या, कापावर बुरशीनाशकाचा लेप द्यायचा, खोडकिड्यावर लक्ष ठेवायचं. उन्हाळ्यात शेकडो फुटवे येतात, त्यातले मोजके ठेवायचे. तिसऱ्या वर्षापासून फळ. आणि फुटवे कोवळे असताना त्यावर हवी ती काडी बांधली तर झाडाची जातच बदलते, मुळं मात्र जुनी, खोल गेलेली.

चाचांनी मला अशाच एका बागेत नेलं. मालक त्यांचे जुने गिऱ्हाईक. मधली झाडं दशहरीची. त्यांना फक्त छाटलं होतं. कडेला बांधावर चार-पाच तुख्मी होती, प्रचंड बुंध्यांची, कापलेल्या खोडांवर पालवीची टोपली. मालकांच्या आजोबांनी कधीतरी टाकलेल्या कोयांची झाडं. म्हणजे यातलं प्रत्येक झाड जगात एकटं. त्याचं फळ दुसरीकडे कुठेच नाही. दशहरी गावातलं ते म्हातारं झाडही पहिल्यांदा असंच कुणाच्या तरी कोयीतून आलं होतं.

यांचे आंबे कसे होते, मी विचारलं.

“एक लोणच्याला बरा होता. एकाचा रस फार, पण दोरे. पोरं चोखायची.” त्यांना तिसऱ्याची चव आठवेना.

आणि आता यावर काय बांधणार?

लोकांनी अरुणिका सुचवली होती. दिसायला देखणी, वरून लाल. रस्त्याकडच्या एका झाडावर ती बांधून बघणार होते. बाकीच्यांवर दशहरी. “नाव विकलं जातं, साहब. नवं नाव आढतीवर मला समजावत बसावं लागतं.”

तुख्मींच्या काड्या कुठे उतरवून ठेवल्यात का, म्हणजे लोणच्याच्या आंब्याची तरी?

त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा ओल्या गोणपाटात गुंडाळलेली दशहरीच्या काड्यांची जुडी सोडत होते. त्यांनी बांधावरच्या त्या झाडाला एक चक्कर मारली, बुंध्याच्या खालच्या अंगाला छाटणीतून सुटलेली एक जुनी डहाळी होती ती ओढून पाहिली, टोकाचा डोळा बोटानं दाबला.

“याची पानं आज काढून टाका,” त्यांनी मालकांना सांगितलं. “दहा दिवसांनी येतो तेव्हा देठ गळाले तर नेईन एक-दोन. गिऱ्हाईक नाही त्याला. मांडवात खुंट पडून आहेत, म्हणून.”

मग ते पहिल्या फुटव्याकडे वळले आणि त्याला दशहरी बांधायला घेतली.